परिचर्येचे शिक्षण : खेळातून हाताला वळण

परभणी-जिंतूर मार्गावरील बोरी हे जिंतूर तालुक्यातील एक मोठे गाव. भोवतालच्या खेड्यांतील रुग्णांना, विशेषतः प्रसूतीसाठी येणाऱ्या स्त्रियांना, येथील ग्रामीण रुग्णालयाचा आधार असतो. अशा रुग्णालयात रात्री-अपरात्री एखादे मूल जन्माला येते आणि रडत नाही. त्या क्षणी परभणीच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता कितीही चांगला असला आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारात उभी असली, तरी त्यांचा उपयोग पुढचा असतो. पहिल्या मिनिटाचा प्रश्न प्रसूतिकक्षात उभ्या असलेल्या परिचारिकेलाच सोडवावा लागतो. बाळाला कोरडे करणे, पाठ चोळून चेतवणे, आवश्यकता भासल्यास तोंड व नाक मोकळे करणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि तरीही श्वास सुरू न झाल्यास मुखवटा व पिशवीच्या साहाय्याने श्वास देणे, एवढी कामे तिला साठ सेकंदांत करावयाची असतात. वैद्यकशास्त्रात या साठ सेकंदांना ‘सुवर्ण मिनिट’ असे नाव पडले आहे.

जन्मणाऱ्या प्रत्येक १० बालकांपैकी सुमारे एकास श्वास घेण्यासाठी काही ना काही साहाय्य लागते. त्यांतील बहुतेक बालके कोरडे करणे, चेतवणे व पिशवीने श्वास देणे एवढ्यानेच सावरतात; मोठ्या उपकरणांची गरज फार थोड्यांना पडते. म्हणजेच या बालकांचे जीवित औषधापेक्षाही हाताच्या सवयीवर अवलंबून असते. ही सवय परिचर्येच्या विद्यार्थिनीला कोठे आणि कशी लागावी, हा या लेखाचा विषय आहे. या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या काही दशकांत पुढे आले आहे, ते प्रथमदर्शनी काहीसे अनपेक्षित वाटेल. ते उत्तर म्हणजे खेळ.

केवळ वॉर्डात शिकणे अपुरे का पडते?

परिचर्या ही पाहून आणि करून शिकण्याची विद्या आहे, असे पूर्वापार मानले गेले आहे आणि ते खरेही आहे. विद्यार्थिनी वर्गात व्याख्यान ऐकते, नंतर वॉर्डात ज्येष्ठ परिचारिकेच्या पाठीशी उभी राहते आणि हळूहळू एकेक काम स्वतः करू लागते. ताप मोजणे, बिछाना करणे, रक्तदाब पाहणे, जखमेची मलमपट्टी करणे यांसारखी नित्याची कामे या पद्धतीने उत्तम शिकता येतात. कारण ती रोज आणि अनेक वेळा करावी लागतात.

अडचण येते ती क्वचित उद्भवणाऱ्या, पण प्राणाशी गाठ असणाऱ्या प्रसंगांत. न रडणारे बाळ, प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, गरोदर स्त्रीला येणारे झटके हे प्रसंग वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. लहान रुग्णालयातील मुक्कामात विद्यार्थिनीला त्यांपैकी एकही पाहावयास न मिळण्याची शक्यता असते. तो प्रसंग आलाच, तर साहजिकपणे अनुभवी परिचारिका व डॉक्टर पुढे होतात आणि विद्यार्थिनीला मागे सरकावे लागते. त्यांनी तसे करणे योग्यच आहे. कारण रुग्ण हा शिकण्याचे साधन नव्हे, त्याला उत्तम सेवा मिळण्याचा हक्क आहे. परंतु याचा परिणाम असा होतो की, जे काम चुकल्यास जीव जातो, नेमके तेच काम प्रत्यक्ष करण्याची पाळी विद्यार्थिनीवर पहिल्यांदा येते ती नोकरीत रुजू झाल्यावर. त्या वेळी पाठीशी उभे राहणारे कोणी असेलच, अशी खात्री ग्रामीण भागात देता येत नाही.

दुसरी अडचण भीतीची आहे. प्रत्यक्ष रुग्णासमोर चूक होईल या धास्तीने विद्यार्थिनी हात आखडता घेते आणि हात आखडल्यामुळे शिकणे राहून जाते. चूक करण्याची मुभा असलेली, तरीही कोणाला इजा न होणारी जागा तिला हवी असते. अशी जागा खेळच देऊ शकतो.

परंपरा जुनीच आहे

निर्जीव वस्तूवर हात बसवून मग सजीवाकडे वळावे, हा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय हा अध्याय संपूर्णपणे सरावासाठीच दिलेला आहे. छेद घेण्याचा अभ्यास भोपळा, कलिंगड, काकडी यांसारख्या फळांवर करावा, शीर वेधण्याचा अभ्यास मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा आणि पट्ट्या बांधण्याचा अभ्यास मानवाकृती पुतळ्याच्या अवयवांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. शास्त्र कितीही वाचले, तरी ज्याने असा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कर्मास योग्य ठरत नाही, असा त्या अध्यायाचा आशय आहे.

युरोपातही हाच मार्ग स्वीकारला गेला. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने १७५९ मध्ये आंजेलिक द्यू कुद्रे या अनुभवी सुईणीस देशभर फिरून ग्रामीण स्त्रियांना प्रसूतिविद्या शिकविण्याची आज्ञा दिली. कापड, कातडे व भरण यांचा वापर करून तिने तयार केलेल्या स्त्रीच्या कटिभागाच्या व बाळाच्या प्रतिकृतीवर हजारो स्त्रियांनी हात बसविला. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते; पण पायाळू मूल कसे सोडवावे, हे त्यांच्या हातांना कळले होते.

परिचारिकांच्या शिक्षणासाठी खास बनविलेली पहिली मोठी बाहुली १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या प्रशिक्षणशाळेत आली. लहान मुलांच्या बाहुल्या तयार करणाऱ्या मार्था चेस यांनी ती घडविली होती आणि विद्यार्थिनी तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. पुढे १९६० मध्ये नॉर्वेतील ऑस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या सरावासाठी ‘अ‍ॅन’ नावाची बाहुली तयार केली. तेही मूळचे खेळण्यांचेच उत्पादक. वैद्यकीय प्रशिक्षणातील ही दोन महत्त्वाची साधने खेळणी करणाऱ्यांच्या कारखान्यांतून यावीत, यात खेळ आणि शिक्षण यांचे जवळचे नाते दिसून येते.

महाराष्ट्रातील शिक्षकांना हे नाते निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य उभे केले, त्याचा पायाच मुळी कृती व खेळ हा होता. लहान मुलाला लागू पडणारे हे तत्त्व प्रौढ विद्यार्थ्यालाही लागू पडते. फरक एवढाच की, प्रौढांच्या खेळातील डाव गंभीर असतो.

खेळ म्हणजे नेमके काय?

येथे खेळ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. तासिकेचा कंटाळा घालविण्यासाठी केलेली करमणूक, असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. ज्या कृतीस ठरलेले नियम आहेत, ज्यात प्रत्येकाची पाळी येते, ज्यात यशापयश लगेच कळते आणि ज्यात हरल्यास पुन्हा डाव मांडता येतो, ती कृती म्हणजे खेळ. या चार गुणांमुळे खेळ शिक्षणास उपकारक ठरतो. नियमांमुळे कृतीचा क्रम पक्का होतो. पाळीमुळे मागच्या रांगेत लपून राहणाऱ्या विद्यार्थिनीलाही पुढे यावे लागते. निकाल लगेच कळल्यामुळे चूक अंगवळणी पडण्यापूर्वीच सुधारते. पुन्हा डाव मांडता येत असल्यामुळे सराव वाढतो.

सर्वच खेळ मात्र हे कार्य करीत नाहीत. सापशिडीचेच उदाहरण घेता येईल. आपल्याकडील मोक्षपट हा तिचा पूर्वज मानला जातो आणि परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप दाखवून नीतीचा बोध करून देण्याचे ते प्रभावी साधन होते. आज अनेक ठिकाणी आरोग्यशिक्षणासाठी सापशिडीचे पट वापरले जातात. ‘हात धुतले, शिडी चढा, सुई पुन्हा झाकली, साप गिळील’ अशा धर्तीची घरे त्यांवर असतात. त्यामुळे माहिती लक्षात राहते, हे खरे. परंतु त्या पटावर जिंकतो तो फाशाच्या दानाने, हाताच्या कौशल्याने नव्हे. म्हणून कौशल्य शिकवावयाचे असल्यास नियम बदलावा लागतो. शिडीच्या पायथ्याशी आलेल्या विद्यार्थिनीने ती कृती सर्वांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावी आणि ती बिनचूक झाली तरच शिडी चढावी. एवढ्या एका नियमाने करमणुकीचे रूपांतर प्रशिक्षणात होते.

काही उपयुक्त खेळ

परिचर्या विद्यालयात किंवा ग्रामीण रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या वेळी थोड्या साहित्यात घेता येतील, असे काही खेळ पुढे दिले आहेत.

पहिला खेळ सुवर्ण मिनिटाचा. नवजात बालकाची पाण्याने भरावयाची एक साधी प्रशिक्षण-बाहुली आता उपलब्ध आहे. पाणी भरल्यावर ती खऱ्या बाळासारखी जड व लुळी लागते. तिला नळीने जोडलेले रबरी फुगे दाबले की बाहुलीची छाती हलते किंवा नाळेची नाडी लागते. दोन विद्यार्थिनींची जोडी करावी. एक परिचारिका होते, दुसरी फुगे हाती घेते. बाळ रडणार की नाही, हे फुगे धरणारी ठरवते आणि आधी सांगत नाही. परिचारिकेला बाळाकडे पाहूनच पुढचे पाऊल ठरवावे लागते. पिशवी दाबण्याची लय ‘दाब, दोन, तीन’ असे मोठ्याने म्हणत साधावी. त्यामुळे मिनिटाला सुमारे ४० श्वास दिले जातात. छाती उचलली गेली नाही, तर मुखवटा नीट बसला आहे काय, मानेची स्थिती बरोबर आहे काय, हे तपासण्याचा क्रमही याच खेळात बसतो. त्यानंतर जोडीने भूमिका बदलाव्यात. फुगे धरणारी विद्यार्थिनीही तितकेच शिकते. कारण तिला दुसरीची प्रत्येक हालचाल बारकाईने पाहावी लागते.

दुसरा खेळ रक्तस्रावाच्या अंदाजाचा. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर अथवा त्याहून अधिक रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव, ही रूढ मर्यादा प्रत्येक विद्यार्थिनीस तोंडपाठ असते. पण फडक्यावर, चादरीवर आणि जमिनीवर पसरलेले ५०० मिलिलिटर रक्त दिसते कसे, हे पुस्तकातून कळत नाही. बेळगाव येथे झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ नजरेने केलेला अंदाज मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत गोळा केलेल्या रक्ताच्या मानाने सुमारे ३३ टक्के कमी भरला. अंदाज कमी म्हणजे उपचारास उशीर, आणि अतिरक्तस्रावात उशीर म्हणजे मातेचा जीव धोक्यात. यासाठी खेळ अगदी सोपा आहे. लाल रंग मिसळलेले पाणी १००, २५०, ५०० व १,००० मिलिलिटर असे मोजून वेगवेगळ्या फडक्यांवर, पॅडवर व ट्रेमध्ये ओतून ठेवावे. विद्यार्थिनींनी एकमेकींशी न बोलता आपला अंदाज चिठ्ठीवर लिहावा. नंतर खरे माप जाहीर करावे. दोन-चार वेळा हा खेळ झाला की नजर तयार होते. आणि नजरेवर एकटीवर विसंबू नये, मोजावे, हा अधिक मोलाचा धडाही मिळतो.

तिसरा खेळ सलाईनच्या थेंबांचा. ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यावयाचा आहे आणि संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब सोडावेत? ५०० ला २० ने गुणून २४० मिनिटांनी भागल्यास उत्तर सुमारे ४२ येते. हे गणित फळ्यावर बहुतेकींना जमते. खेळात मात्र गणितापाठोपाठ लटकविलेल्या बाटलीची कळ फिरवून, घड्याळ लावून, तेवढेच थेंब प्रत्यक्ष पाडून दाखवावयाचे असतात. उत्तर बरोबर आणि थेंब चुकीचे असतील, तर गुण मिळत नाही.

चौथा खेळ कचऱ्याच्या वर्गीकरणाचा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या, वार इत्यादी पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. सुया व पाती टोचणार नाहीत अशा पांढऱ्या पात्रात. आणि काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात टाकावयाच्या असतात. स्वच्छ नमुन्यांचा ढीग टेबलावर ठेवून दोन गटांत शर्यत लावता येते. एक वस्तू चुकीच्या रंगात गेली, तर गटाचे दोन गुण वजा करावेत. येथे चूक झाली, तर ती सफाई कामगाराच्या बोटात सुई होऊन शिरते, ही गोष्ट खेळ संपल्यावर आवर्जून सांगावी.

पाचवा खेळ पत्त्यांचा. एखाद्या कृतीच्या, उदाहरणार्थ मूत्रमार्गात नळी घालण्याच्या, सर्व पायऱ्या वेगवेगळ्या पत्त्यांवर लिहून ते पिसावेत आणि योग्य क्रमाने लावण्यास सांगावे. दोन-तीन अनावश्यक पत्तेही त्यांत मिसळावेत. यासाठी पुठ्ठा व पेन याखेरीज काहीही लागत नाही. हा खेळ हात बसविण्यापूर्वीची तयारी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. क्रम तोंडपाठ झाला म्हणजे नळी घालता आली, असे होत नाही.

डाव संपल्यावरचे काम

खेळातील सर्वांत महत्त्वाचा भाग खेळ संपल्यावर सुरू होतो. शिक्षिकेने विद्यार्थिनींना गोलाकार बसवून तीन प्रश्न विचारावेत : काय घडले, तसे का घडले आणि पुढच्या वेळी काय निराळे करता येईल? उत्तरे विद्यार्थिनींनीच द्यावीत. ज्या विद्यार्थिनीची चूक झाली, तिला प्रथम बोलू द्यावे. चुकीबद्दल हसणे किंवा रागावणे कटाक्षाने टाळावे. ज्या वर्गात चूक सांगण्याची सवय लागते, त्या वर्गातून बाहेर पडलेली परिचारिका वॉर्डातही चूक लपवीत नाही. आणि रुग्णालयात लपविलेली चूक ही केलेल्या चुकीपेक्षा अधिक घातक असते.

अनुभव काय सांगतो?

या पद्धतीचा उपयोग प्रत्यक्षात होतो काय, याचे एक महत्त्वाचे उत्तर सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यातून मिळाले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये नवजात बालकास श्वास देण्याचा एक सोपा प्रशिक्षणक्रम प्रसृत केला. त्यात वर उल्लेखिलेली बाहुली, जोडीने सराव आणि हिरवा, पिवळा व लाल अशा रंगांतील कृति-तक्ता यांचा उपयोग केला जातो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील व रुग्णालयांतील ५९९ प्रसूती-सेवकांना हे प्रशिक्षण देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृतजन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आणि जन्माच्या सुमारासच दगावलेल्या बालकांचे, म्हणजे ताज्या मृतजन्मांचे, प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. याचा अर्थ असा की, पूर्वी मृत समजून बाजूला ठेवली गेलेली काही बालके वस्तुतः जिवंत होती; त्यांना केवळ पहिला श्वास हवा होता. नवजात मृत्युदरात मात्र या काळात घट आढळली नाही, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. जंतुसंसर्ग, कमी वजन व अपुऱ्या दिवसांची प्रसूती ही अर्भकमृत्यूची इतर कारणे आहेत आणि एका कौशल्याने ती सर्व दूर होत नाहीत.

दुसरा धडा नागपूर, बेळगाव व केनियातील एल्डोरेट या तीन ठिकाणी मिळून झालेल्या अभ्यासातून मिळाला. नागपूर येथे लता वैद्यकीय संशोधन प्रतिष्ठान त्यात सहभागी होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, प्रशिक्षणानंतर लगेच चांगले असलेले कौशल्य काही महिन्यांनी उतरणीस लागते. विशेषतः पिशवी व मुखवट्याने श्वास देण्याचे. उजळणी मिळताच ते पुन्हा वर येते. ज्ञान टिकते, पण हात विसरतो, असे याचे सार सांगता येईल.

हीच गोष्ट महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यकार्याने पूर्वीच ओळखली होती. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कार्यात गावोगावच्या आरोग्यसेविका नियमितपणे केंद्रावर एकत्र जमत, अनुभव सांगत आणि पुन्हा शिकत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्या कामावर सातत्याने देखरेख ठेवली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. दोन्ही ठिकाणी शिक्षण एकदाच देऊन संपविले गेले नाही. वरचेवर दिले गेले, हेच त्याचे बळ होते.

मर्यादा ओळखणे आवश्यक

खेळाच्या उपयोगाबरोबर त्याच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा वेगाची. घड्याळ लावले की विद्यार्थिनी घाई करतात आणि घाईत हात धुण्याची पायरी गळते. म्हणून गुणदानात अचूकतेला प्रथम स्थान द्यावे; वेळ नंतर मोजावा. हात धुणे, रुग्णाची ओळख पटविणे, संमती घेणे यांसारखी एखादी अनिवार्य पायरी सुटली, तर डाव तेथेच संपला, असा नियम असावा. दुसरी मर्यादा स्पर्धेची. नेहमी त्याच दोघी-तिघी जिंकू लागल्या की बाकीच्यांचा उत्साह मावळतो. यासाठी व्यक्तीपेक्षा गट खेळवावा आणि प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःच्या मागील कामगिरीशी करावी. तिसरी मर्यादा बाहुलीची. बाहुली घाबरत नाही, तिला वेदना होत नाहीत, तिचे नातेवाईक दाराबाहेर ताटकळत नसतात. रुग्णाशी बोलणे, त्याला धीर देणे, त्याची लज्जा राखणे हे बाहुलीवर शिकता येत नाही. त्यासाठी एका विद्यार्थिनीने रुग्ण व दुसरीने नातेवाईक व्हावे आणि बाहुली व माणूस यांचा एकत्र उपयोग करावा.

संगणक व भ्रमणध्वनीवरील खेळांविषयीही हेच म्हणता येईल. प्रश्नमंजूषा व पडद्यावरील प्रसंग यांमुळे ज्ञानाची उजळणी होते, निर्णयाचा सराव होतो आणि विद्यार्थिनींची गोडी वाढते. परंतु शीर शोधणे, मुखवटा घट्ट धरणे, गर्भाशय चोळणे हे बोटांचे ज्ञान पडद्यावर मिळत नाही. ज्या विद्यालयाकडे एकाच साधनापुरते पैसे असतील, त्याने आधी बाहुली घ्यावी, हे उत्तम. अखेर वॉर्डातील शिक्षणाला पर्याय नाहीच. खेळ विद्यार्थिनीला वॉर्डाच्या दारापर्यंत तयार करून आणतो; त्यापुढील वाट रुग्णाच्या सहवासातच चालावी लागते.

शासन, संस्था आणि गाव

परिचर्या शिक्षणाच्या धोरणात या विचारास आता स्थान मिळाले आहे. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. परिचर्येचा सुधारित अभ्यासक्रम सत्रपद्धतीने लागू केला आणि त्यात कौशल्य प्रयोगशाळेतील सरावाला व कृत्रिम प्रसंगांच्या साहाय्याने होणाऱ्या शिक्षणाला निश्चित जागा दिली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कौशल्य प्रयोगशाळा उभारण्यात आल्या असून तेथे वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळी कृती ठेवून प्रशिक्षणार्थींना फिरत्या क्रमाने तपासले जाते. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला, त्यातही बाहुलीवरील सरावास महत्त्व आहे. परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातील आरोग्यशिक्षणाला नवे केंद्र लाभले आहे.

तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालेले कौशल्य बोरीसारख्या गावी टिकून राहावे, याची व्यवस्था गावातच करावी लागेल. उजळणीसाठी दर वेळी परिचारिकेला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविणे परवडणारे नाही. ती गेली की प्रसूतिकक्ष रिकामा राहतो. त्याऐवजी प्रसूतिकक्षाजवळील एका कोपऱ्यात बाहुली, पिशवी-मुखवटा व कृति-तक्ता कायम मांडून ठेवला आणि पाळी बदलताना दोघींनी दहा मिनिटे डाव खेळला, तरी हात विसरणार नाही. प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थिनी व सेवेतील परिचारिका यांनी एकत्र खेळावे. त्यात दोघींचाही लाभ आहे. कोणी, केव्हा, कोणता सराव केला याची साधी नोंदवही ठेवावी.

येथे ग्रामपंचायतींचे व पंचायत समितीचे सदस्य पुष्कळ करू शकतात. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत इमारत, पाणी, वीज यांची चर्चा होते व ती व्हावीच. त्याबरोबर सरावाची बाहुली आहे काय, ती कपाटात कुलूपबंद आहे की वापरात आहे, मुखवट्याचे रबर चांगले आहे काय, मागील महिन्यात सराव किती वेळा झाला, हे चार प्रश्नही विचारले गेले पाहिजेत. त्यांसाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. अनेकदा असे होते की, मौल्यवान साधन खराब होईल या भीतीने बंद पेटीत राहते. वापरून झिजलेली बाहुली ही प्रशिक्षण संस्थेची शोभा आहे. नवीकोरी राहिलेली बाहुली हा तिच्यावरील ठपका आहे. शाळांतील शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. पट आखणे, पत्ते तयार करणे, नियम सोप्या मराठीत लिहिणे या कामी त्यांचा अनुभव परिचर्या शिक्षिकांच्या उपयोगी पडेल.

खेळ हा शब्द ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडणे शक्य आहे. रुग्णसेवा हे गंभीर व्रत असताना तेथे खेळ कशाला, असा प्रश्न ते विचारतील. त्याचे उत्तर प्रसूतिकक्षातील त्या एका मिनिटात आहे. तेथे आठवण्यास वेळ नसतो, पुस्तक उघडण्यास वेळ नसतो, कोणास विचारण्यासही वेळ नसतो. ज्या हातांनी तो डाव पूर्वी शंभर वेळा खेळला आहे, तेच हात त्या वेळी न थरथरता पुढे होतात.